बांधीतला ब्रह्मदेश

गोंदियाला जाऊन काय पाहायचं, असं मला अलीकडे दोघातिघांनी विचारलं. नवेगावचा तलाव पाहा, नागऱ्याचं महादेवाचं देऊळ पाहा, हिवाळ्यात गेलात तर धानाच्या बांध्यांमधून फिरणारी सारसांची जोडी पाहा, असं मी सांगतो. पण मी स्वतः तिथे काय पाहिलं ते कधी नीट सांगितलं नाही. आता हात थरथरतो आणि डोळे चटकन भरतात, म्हणून आजच लिहून टाकतो.

साल सत्तावन्न. नुकते आपण मुंबई राज्यात आलो होतो. गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा. मी नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे काय, कविता म्हणत होतो. व्याकरणाचा तास असला तरी माझी गाडी फिरून शेवटी एखाद्या भुजंगप्रयातावर यायची, आणि मुलं बाकावर ताल धरायची. सुख म्हणतात ते तेच असावं, पण तेव्हा ते ओळखू आलं नाही.

माझा वर्गमित्र वासुदेव त्या वर्षी दवनीवाड्याकडे एका जनता कॉलेजात मास्तर होऊन गेला होता. 'कॉलेज' या शब्दाने फसू नका. धान कापून झालं की दोन-तीन महिने शेतकऱ्यांनी, जंगलात राबणाऱ्यांनी एकत्र राहायचं आणि शिकायचं, अशी ती सोय होती. परीक्षा नाही, पदवी नाही. विद्यार्थ्यांत कुणी बापमाणूस, कुणी आजोबा. लिहिणं-वाचणं, खतं, बियाणं, पंचायत, आणि वासुदेवाच्या हट्टामुळे एक जास्तीचा विषय, जग. "माणसाला गावाबाहेरचं दिसलं पाहिजे," असं तो आमच्या कॉलेजच्या दिवसांपासून घोकायचा. त्याचा निरोप आला, "नाताळच्या सुटीत ये. माझ्या लोकांना चार कविता शिकव. नुसतं खत-बियाणं करून माणूस कोरडा होतो." आईने दशम्या बांधून दिल्या आणि मी निघालो.

नागपूर ते गोंदिया पॅसेंजर. भंडारा रोड, तुमसर, तिरोडा. खिडकीबाहेर कापलेल्या धानाचे खुंट, मध्ये मध्ये लाखोरीच्या डाळीचा हिरवा पट्टा, आणि दर थोड्या वेळाने एक तळं. तळ्यांचा एवढा शेजार मी तोवर पाहिला नव्हता. पाण्यावर सकाळचं धुकं होतं आणि मी खिडकीच्या गजावर बोटांनी मात्रा मोजत बसलो होतो. गोंदिया स्टेशनवर उतरलो तर तंबाखू आणि तेंदूपत्त्याचा वास नाकात शिरला. अर्धं गाव विड्या वळायचं. चहा घेतला आणि ऐटीत नवे पैसे पुढे केले. ते नुकतेच निघाले होते. दुकानदाराने ते तळहातावर उलटेपालटे केले.

"बाबूजी, ये बच्चों के खेलने का है। पुराना आना नहीं है क्या?"

शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ले ले भैया, अब यही चलेगा। सरकार भी नई, पैसा भी नया।"

"और चाय?"

"चाय वही पुरानी, सुबह की।"

सगळे हसले. चहा खरोखरच सकाळचा होता.

वासुदेव दोन सायकली घेऊन आला होता, एक माझ्यासाठी भाड्याने. तेव्हा कुडवा ओलांडलं की गाव संपायचं. माझा भाचा सांगतो, आता तिथे घरं, दुकानं आणि फटफट्यांची रांग असते. आम्हाला कुडव्याच्या पुढे बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल हाकावी लागली. धूळ पिठासारखी. तुम्ही आता गेलात तर गोंदियाहून एस.टी. मिळेल, पण हिवाळ्यातली सकाळ आणि सायकल असा योग जमला तर बस सोडा. बांधीच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, जाताना एका ठिकाणी सारस उभे होते, दोघंच, माणसाएवढे उंच. आम्ही सायकली थांबवल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही बिनकामाचे आहोत असं ठरवून पुन्हा चरायला लागले.

कॉलेज म्हणजे कौलारू दोन लांब खोल्या, एक रांधणीघर आणि मागे एक मोठी बांधी. जेवायला गरम भात, लाखोरीचं वरण, वांगी-भेदऱ्याची, म्हणजे वांगी-टोमॅटोची भाजी. भात वाढताच त्याचा वास पंगतभर पसरला. "चिन्नोर आहे जी," वाढणारा म्हणाला. "नागपुरात असा भेटते का?" मी नाही म्हटलं. "मंग राहा इथंच. कविता तिकडे कोण खाते?"

हा डुलीचंद. दवनीवाड्याचाच पोवार शेतकरी, भरल्या मिशांचा, बोलण्यात कुणाला न सोडणारा. जेवण होताच त्याने माझा हात धरला. "चला, तुमाले माहा जपान दाखवतो."

मागच्या बांधीत वासुदेवाने जग तयार केलं होतं.

तुम्ही धानाची बांधी पाहिली असेल तर कल्पना येईल. चहूकडून मातीचे धुरे, आत पाणी थोपवलेलं. वासुदेवाने त्या पाण्याला समुद्र केलं आणि आत माती रचून देश उभे केले. घोट्याएवढ्या पाण्यात एवढी मोठी आफ्रिका की तिच्यावर चार माणसं बसावीत. हिमालयासाठी मुरूम आणला होता. नद्या फाळाच्या टोकाने कोरलेल्या, त्यांत पाणी शिरलेलं. माप त्याने दोऱ्या लावून, नकाशाशी ताडून काढलं होतं. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक देश. देशाचा काठ खचला की त्यानेच लिंपायचा, आणि तिथले लोक काय पेरतात, काय खातात, लेकीचं लग्न कसं करतात, मेलेल्याला कसं पोहोचवतात, हे मास्तरकडून शिकून बाकीच्यांना सांगायचं. डुलीचंदकडे जपान होता, कारण त्या वर्षी सरकारी माणसं जपानी पद्धतीने दोरी धरून रोवणी करा असं गावोगाव सांगत फिरत होती.

"जपानी लोक दोरी धरून धान लावतात, हे मले पटलं," डुलीचंद म्हणाला. "पण ते कच्चा मासा खातात म्हणते मास्तर. हे काई मले पटून नाही राहिलं."

बांधीच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तळं होतं. तिथून नालीने पाणी आत यायचं. नालीच्या तोंडाशी बांबूच्या कमच्यांची दाट ताटी घट्ट बसवलेली दिसली. मी विचारलं तर वासुदेव हसला. पहिल्या आठवड्यात बोडीतले मासे पाण्याबरोबर आत आले, माशांमागे बगळे आले, आणि बगळ्यांनी दोन दिवसांत इंग्लंड तुडवून सपाट केलं. तेव्हापासून ताटी. पाणी तेवढं येतं, मासा येत नाही.

"इंग्लंड गेलं तवा कोणी रडलं नाई," डुलीचंद म्हणाला.

सगळ्यांत नीटस देश ब्रह्मदेश होता. काठ बोटाने गुळगुळीत केलेले, मधली इरावती सरळ आणि स्वच्छ. तो सोमाजीचा. सोमाजी सालेकश्याकडच्या जंगलातला, गोंड, साठीच्या पुढचा. बांबू तोडणं आणि थोडं धान, एवढा त्याचा संसार. बोलायचा कमी. वासुदेव म्हणाला, "देश वाटताना बाकीचे चिठ्ठ्या काढत होते. हा उभा राहून म्हणाला, मला ब्रह्मदेश द्या. मी विचारलं, का? तर म्हणाला, माझा पोरगा तिथे आहे."

मनिराम, त्याचा थोरला. लढाईच्या दिवसांत रस्ते बांधायला माणसं नेत होते, त्यांच्याबरोबर गेला. घरी नवी बायको. सोबत गेलेल्यांतला एकजण परत आला, त्याने सांगितलं की इरावती नावाच्या मोठ्या नदीपाशी पळापळ झाली आणि त्यानंतर मनिराम दिसला नाही. एवढंच. मेला म्हणून कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे म्हणूनही नाही.

दुपारी मी कविता शिकवायचो. मोठी माणसं माझ्यामागे ओळी म्हणत तेव्हा त्यांचे आवाज नांगर ओढल्यासारखे यायचे, आणि मला माझ्या नागपूरच्या पोरांच्या किनऱ्या सुरांची आठवण होऊन उगाच गंमत वाटायची. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर सोमाजी माझ्याजवळ येऊन बसला.

"गुरुजी, कवितेत माणसाले हाका मारता येते का जी?"

"येतात की. दूरच्याला, नसलेल्यालासुद्धा."

"मंग तो येते का?"

मी काहीतरी बोललो. मनात येतो, असं काहीसं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. माझं उत्तर त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो वासुदेवाकडे गेला. मी तिथेच बसलो होतो, म्हणून त्यांचं बोलणं कानांनी ऐकलं. सोमाजी म्हणाला, आमच्यात माणूस मेला की पाण्याकाठी जाऊन त्याच्या नावाने हाका मारतात. पाण्यातून मासा येईल, किडा येईल, जे हाती येईल तो त्याचा जीव. तो घरी नेऊन देवांत ठेवायचा, मग तो घरचा होतो. मनिरामला कुठल्या पाण्यावरून हाक मारायची तेच इतकी वर्षं कळत नव्हतं. गावच्या नदीवर मारली तर तो तिथे कसा ऐकेल? तो तर त्या नदीपाशी आहे.

"परवा सून येऊन राहिली," तो म्हणाला. "तिच्या हातात मडकं राहील. मले तुमच्या इरावतीत उभा राहू द्या."

वासुदेव गडबडला. "सोमाजी, ही माती आहे. खेळ आहे समजा. खरी इरावती फार लांब आहे."

"तुमीच म्हणले ना जी, माप बरोबर आहे म्हणून? डोंगर बरोबर, नदी बरोबर. मंग हाकच काऊन नाई पोचत?"

वासुदेवाने शेवटी मान डोलावली.

सून कशासाठी येते आहे तेही सोमाजीने सांगितलं. रायवंती तिचं नाव. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा नवरा गेला, आणि तेव्हापासून ती सासऱ्याच्याच घरी राबत होती. आता पलीकडच्या गावचा एक माणूस, बायको गेलेला, तिला मागणी घालत होता. तिचाही होकार होता. पण नवऱ्याचा जीव घरी आल्याशिवाय तिला कसं मोकळं करणार? तो जिवंत असला तर? जातीच्या लोकांनी सांगितलं, आधी हाक मारून पाहा. आला तर गेला समजू, आणि बाई मोकळी. नाही आला तर ती त्याचीच.

"अन् तुमाले काय वाटते सोमाजी?" वासुदेवाने त्याच्याच बोलीत विचारलं.

"मले काय वाटाचं? हाक मारतो."

दुसरा दिवस तयारीत गेला. सोमाजीने ब्रह्मदेशाचे काठ पुन्हा लिंपले, नालीकडेही त्याचं जाणं-येणं चाललं होतं. मी वासुदेवाबरोबर गावात फिरून आलो. तुम्हाला सांगायचं म्हणजे, दवनीवाड्याच्या आसपास पाहण्यासारखं असं वेगळं काही नाही. बांध्या आहेत, खळ्यावर धान चुरणारे बैल आहेत, आणि सायंकाळी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा भाजल्याचा वास असतो. तेवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा गेलो असतो. तसं जाणं काही झालं नाही.

रायवंती सकाळीच आली. गोंदियापर्यंत रेल्वेने आणि पुढे पायी. तिशीची, सडपातळ, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात नवं मडकं. धुऱ्यावर उभी राहून तिने त्या पाण्यातल्या देशांकडे बराच वेळ पाहिलं. मग डुलीचंदला विचारलं, "त्याईचा कोणता?" त्याने हात दाखवला. "अन् आपला?" त्याने दुसरीकडे हात दाखवला. दोहोंच्या मध्ये वीतभर पाणी होतं. "एवढंच?" ती म्हणाली.

सोमाजी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून इरावतीच्या मुखाशी पाण्यात उतरला. पाणी घोट्यापर्यंत. त्याने ओंजळ पाण्यात धरली आणि हाक मारली. "मनिराम! ये गा बापा! घरी ये!"

बाकीचे सगळे धुऱ्यावर ओळीने बसले होते. कुणी विडी पेटवली नाही. सोमाजी हाक मारायचा, थांबायचा, ओंजळीत पाहायचा. पाणी काचेसारखं स्थिर. ऊन वर आलं, तळाचा चिखलसुद्धा दिसायला लागला, पण त्या पाण्यात काही हललं नाही. रायवंती मडकं कमरेवर घेऊन त्याच्या शेजारी धुऱ्यावर उभीच होती. वासुदेवाने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

दुपार कलताना सोमाजी सरळ झाला. पाय धुतले आणि धुऱ्यावर चढला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी चमकलो. त्यावर आनंद होता, दाबून ठेवलेला, पण आनंदच.

"येत नाई," तो म्हणाला. "जित्ता आहे पोरगा."

रायवंतीने मडकं खाली ठेवलं. तिची बोटं मडक्याच्या काठावरून फिरत होती, गोल गोल.

तेवढ्यात वासुदेव माझ्याशेजारून ताडकन उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो नालीच्या तोंडाकडे पाहत होता. "सोमाजी, थांबा," तो म्हणाला. "चूक माझी आहे. ती ताटी. ताटी काढायची राहिली. ती आहे तोवर बोडीतलं काहीच आत येणार नाही. मासा नाही, किडा नाही. कितीही हाका मारल्या तरी..."

सोमाजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपल्या ओल्या पायांकडे पाहत राहिला.

"ठाऊक आहे जी," तो हळू म्हणाला. "ताटी मीनंच विणली ना. काल अजून घट्ट केली."

धुऱ्यावर बसलेली सगळी माणसं बापमाणसं होती. त्यांतलं कुणी मान वर करेना. त्या म्हाताऱ्याने जगातलं एकमेव असं पाणी निवडलं होतं, ज्यातून त्याचा मुलगा येऊ शकणार नव्हता.

रायवंती चालायला लागली. धुऱ्याधुऱ्याने नालीपाशी गेली, खाली वाकली आणि ताटी ओढू लागली. ती सहजी निघत नव्हती. कमच्यांनी तिची बोटं कापली, लुगड्याला रक्त लागलं. डुलीचंद मदतीला उठला तर तिने हाताने त्याला थांबवलं. मग पाय रोवून तिने जोर केला आणि ताटी उचकटून बाजूला टाकली. अडलेलं पाणी धसकन आत शिरलं. आधी जपान गेला, मग चीनचा काठ. इरावती फुगली, आणि त्या गढूळ लोंढ्यात बोटाएवढाले मासे चमकायला लागले.

रायवंती मडकं घेऊन पाण्यात उतरली आणि सासऱ्याकडे वळली.

"हाक मारा मामाजी."

सोमाजी हलला नाही.

"मले त्याईचं नाव घेता येत नाई," ती म्हणाली. "नाई तं मीनंच मारली असती. कवाची."

सोमाजी पुन्हा पाण्यात उतरला. हाक निघाली, पण ती सकाळच्या हाकांसारखी नव्हती. सकाळी तो हाक मारत होता आणि आता तो बोलवत होता. "मनिराम... ये रे बापा. बस झालं आता. ये."

रायवंतीने मडकं आडवं करून पाण्यात धरलं. एक छोटी मासोळी प्रवाहात भेलकांडत आली, मडक्याच्या तोंडाशी घुटमळली आणि आत गेली. तिने मडकं उभं केलं आणि सासऱ्यापुढे धरलं. तो वाकून आत पाहत राहिला.

"किती लहान झाला गा," तो म्हणाला, आणि चिखलात बसला.

ती दोघं तशीच निघाली. गोंदियाहून रेल्वे पकडा, संध्याकाळी गाडी आहे, असं वासुदेव म्हणाला. पण पाण्यातला जीव माणसांच्या गर्दीतून नेणार नाही, पायीच जातो, वाटेत ओळखीच्या गावी थांबू, असं सोमाजीने सांगितलं. पुढे मडकं घेऊन ती, मागे तो. बांधीच्या वळणावर ती जरा घसरली तेव्हा तो ओरडला, "सांभाळून वो! हेंदकळते ना त्याले!" दिसेनाशी होईपर्यंत तो दर थोड्या वेळाने तिला सांभाळून म्हणत होता.

संध्याकाळपर्यंत बांधीत बगळे उतरले. देशांचे फक्त उंचवटे राहिले होते. वासुदेव रांधणीघराच्या पायरीवर बसून होता. मी त्याच्याशेजारी बसलो.

"या लोकांना गावाबाहेरचं दिसलं पाहिजे म्हणायचो मी," तो शेवटी म्हणाला. "त्याचं अर्धं आयुष्य बाहेरच होतं. मी नुसतं माप दिलं."

सकाळी मी उठलो तेव्हा डुलीचंद बांधीत उतरलेला होता, फावडं घेऊन. नाली बंद करून तो माती ओढत होता. मी विचारलं, "जपान का?"

"जपान मंग," तो म्हणाला. "आधी सोमाजीचा. तो आला म्हणजे पाहील ना जी, का आपला देश कोणी सांभाळला का नाई." आणि मग, त्याच्या नेहमीच्या चालीवर येत, "पण मले काई तसा गुळगुळीत जमत नाही. म्हणंल, पोवाराच्या हातचा ब्रह्मदेश ओबडधोबड."

परतताना वासुदेवाने मला नागऱ्याच्या देवळापर्यंत सोबत केली. जुनं दगडी देऊळ आहे, जरूर पाहा. सकाळी लवकर गेलात तर कुणी नसतं. आम्ही गाभाऱ्यात गेलो. पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत होतं. वासुदेव देवाला न मानणारा, पण त्या दिवशी तो माझ्याआधी वाकला. बाहेर आल्यावर चप्पल घालताना म्हणाला, "पुढच्या वर्षी ताटी नको लावायला. बगळे तर बगळे." पुढच्या वर्षी ते जनता कॉलेजच राहिलं नाही. पैसा आटला म्हणे. वासुदेवाची बदली दुसरीकडे झाली, आणि आता तोही नाही. रायवंतीचा पाट त्या उन्हाळ्यात लागला, सोमाजीने स्वतः उभं राहून लावला, एवढं वासुदेवाने कळवलं होतं. त्यापलीकडचं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला पाहिजे होतं असं आता या वयात वाटतं, रोज थोडं जास्तच वाटतं.

नागपूरला पोहोचलो. आईने विचारलं, कसं होतं तिकडे? तांदूळ फार छान मिळतो, असं सांगितलं आणि पायावर पाणी घेतलं.

सुटीनंतरचा पहिला तास आठवीचा होता. दूरदेशी राहिलेल्या माणसाला घराची ओढ लागते, अशा अर्थाची एक कविता त्या दिवशी शिकवायची होती. माझी आवडती. दरवर्षी मी ती डोळे मिटून म्हणायचो आणि मुलं माझ्या आवाजाला भुलायची. पुस्तक उघडलं, पहिली ओळ पाहिली. पुस्तक मिटलं. भिंतीवर भूगोलाच्या मास्तरांचा जगाचा नकाशा टांगलेला होता. कविता बाजूला ठेवून मी मुलांना विचारलं, तुमच्या घरातलं कुणी देशाबाहेर गेलं होतं का?

मला वाटलं, एखादा हात वर येईल.

हात येत गेले. एकाचा काका रंगूनला लाकडाच्या वखारीत होता. एकाचा आजा आफ्रिकेत रेल्वेवर गेलेला. एकीचे वडील लढाईत इटलीला. एकेकाला मी नकाशापाशी बोलावलं आणि तिथे बोट ठेवायला सांगितलं. ती जागा शोधायला त्यांना वेळ लागत होता, पण जागा सापडली की बोट लगेच निघत नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला होता, पण ती जागची उठेना. मी म्हटलं, "ये ना, दाखव."

"सर, आमचा मामा गेला," ती म्हणाली, "पण कुठे ते घरात कुणाला ठाऊक नाही."

तिला कुठे बोट ठेवायला सांगावं ते मला कळलं नाही. वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी तिला खाली बस म्हटलं, आणि घंटा होईपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.